तिमाही भेट

पारोळ्याच्या फाट्यावर जीप सोडली, पुढे पायी.
बगलेत फाईल: चौतीस गावं, नऊ रकाने,
खर्च झालेल्या रकमेचा दाखला तीन प्रतींत.
बोरीच्या अलीकडचं गाव आधी.

शाळेच्या भिंतीवर निळ्या रंगात योजनेचं नाव,
खाली मदतीचा नंबर.
शेवटचा आकडा कडब्याच्या ट्रॉलीनं खरडून नेलेला.
मी सात लावून पाहिला. धुळ्यात कुणीतरी उचलला:
"बेअरिंग पाहिजे का फिल्टर?"
एक लावला. बंद.
चौथ्या खेपेला सहा लागला, बाई बोलली,
"नाव सांगा, गाव सांगा, मग बोला."
मला नाव सांगवेना.
आणि मी तर फक्त तपासायला आलो होतो.

पुरुष संवाद गट, दर गुरुवारी, उपस्थिती चाळीस.
चाळीस सह्या एकाच पेनाच्या,
एकाच बाजूला कललेल्या, वाऱ्यातल्या ज्वारीसारख्या.
लोटन चहावाल्याच्या वहीत त्या दिवशी बारा कप.
लोटन कुणाचा अर्धा कपसुद्धा विसरत नाही.
तक्रारी: शून्य.
सरपंचांच्या खुर्चीमागे 'हिंसामुक्त गाव'ची ढाल,
वरचं प्लास्टिक अजून न काढलेलं.

नदीपल्याड कोकिळा महाजन.
मानधन पाच महिने थकलेलं, वही मात्र रोजची.
वर्षात एकवीस तक्रारी.
वहीच्या पाठीला टाचलेली तालुक्याची नोटीस:
आपल्या कार्यक्षेत्रात हिंसाचारात वाढ का झाली,
तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.
"मारानी वाढ नही भाऊ," ती म्हणाली,
"सांगानी वाढ शे."

तिच्याबरोबर येनूबाईच्या अंगणात गेलो.
रकाना सात: मारहाण थांबली का? होय / नाही.
येनूबाई कपाशीच्या काड्या मोडत होती, चुलीपुरत्या.
"आते हात नही लावस."
माझं पेन 'होय'वर टेकलं.
"आते मोबाईल लई लेस.
माहेरले जावाना पैसा मोजी देस.
जावाना देस. येवाना नही."
पेन तिथंच. शाई पसरत गेली, मसुरीएवढी.
काडी मोडल्याचा आवाज, मग दुसरी काडी.
"हाई कोठे लिखशात?"

समासात लिहिलं.
समासात मावेना म्हणून पान उलटलं.

रात्री विश्रामगृहातून घरी फोन केला.
"कुठं होतीस एवढा वेळ?"
विचारून झालं,
आणि मग मलाच ते ऐकू आलं.
पलीकडे ती कुकरची शिट्टी, गॅसची रांग, असं काहीतरी
क्रमानं सांगत होती, खुलासा करावा तसं.

जिल्ह्याच्या बैठकीत पडद्यावर नकाशा.
शून्यवालं गाव हिरवं, एकवीसवालं लाल.
मी म्हणालो, हे रंग उलटे आहेत.
ऑपरेटर म्हणाला, संगणक समास वाचत नाही.
साहेब म्हणाले, वर असेच जातात, पुढचा तालुका घ्या.

तरी शिफारशी लिहिल्या:
नोटीस मागे घ्यावी. मानधन द्यावं.
हिरव्या गावात पुन्हा, न कळवता, जावं.
भिंतीवरचा एक आकडा रंगवावा,
अंदाजे खर्च साठ रुपये.
फाईल गेली. साठ रुपयांवर शंका निघाली:
दरपत्रकं तीन हवीत.

पुढच्या तिमाहीला फाट्यावर उतरलो
तेव्हा दरपत्रकं दोनच आली होती.
शाळेच्या भिंतीपाशी थांबलो.
खरडलेल्या जागी कुणीतरी
चुलीतल्या कोळशानं सहा काढलेला,
पोट जरा मोठं झालेला, घाईतला.
आणि त्याच्या खाली, वाकून पाहिलं तरच दिसेल असं,
दुपारले लावा.